ज्ञानकलशाचे लाकूड

शाबाजी मेस्त्रीने सुतळीला बांधलेला लोहचुंबक उंबऱ्याच्या तुकड्यावरून पुन्हा एकदा, कडेपासून कडेपर्यंत, फिरवला. तो कुठेही अडखळला नाही.

“बघा मॅडम. निस्तो फणस. आता ह्यात लोखंड गावला तर मिशी उतरवीन.”

“तुम्हाला मिशी नाही, मेस्त्री.”

“म्हणान तर पैज लावतंय.”

मांडव अजून रिकामा होता. खुर्च्यांच्या रांगा लावून माणसे चहाला गेली होती आणि मंचाच्या मधोमध शाबाजीचे लाकूड कातायचे लेथ यंत्र, एरवी जिथे समई ठेवतात तिथे, मोठ्या मानाने विराजमान झाले होते. शेजारच्या ताटलीत त्याने सकाळपासून लाकडातून उपटलेले गंजके खिळे होते आणि दाराच्या कडीचा एक मोडका कोयंडा होता. ती ताटली लोकांना दिसावी अशी त्याने मुद्दाम पुढे सरकवली होती. शाबाजी कसबी होता, आणि आपण कसबी आहोत हे दुसऱ्याच्या लक्षात आणून देण्यात त्याने कधी कसूर केली नाही.

मंडळाची जुनी इमारत त्या वर्षी पाडली गेली. प्राचीन ग्रंथांचे जतन करणाऱ्या संस्थेने स्वतःची इमारत जतन करू नये यात काही विसंगती आहे, असे कार्यकारिणीत कोणाला वाटल्याचे मला आठवत नाही. मात्र कार्यवाह डॉ. आठल्ये यांना मुख्य दाराच्या उंबऱ्यावरून एक कल्पना सुचली. त्या उंबऱ्याच्या मधल्या भागातून, जिथे विद्वानांची पावले पडली त्या भागातून, नव्या वास्तूच्या उद्‌घाटनाला सर्वांच्या समक्ष एक कलश कातून घ्यायचा. त्याला ‘ज्ञानकलश’ म्हणायचे. आणि तो कुलगुरूंच्या हस्ते मला द्यायचा. निमंत्रणपत्रिकेवर माझे नाव, उत्तरा गमरे, बारीक अक्षरांत होते. त्याखाली, बऱ्याच ठळक अक्षरांत, ‘बौद्धवाडीतून आलेल्या मंडळाच्या पहिल्या संशोधिका’ असे होते.

लेथच्या मागे पडद्याला टेकून मी उभी होते. शाबाजीने तुकडा यंत्राच्या दोन टोकांमध्ये अडकवला, हाताने गरकन फिरवून पाहिला आणि मान डोलावली.

“तोंडावर लावायची ती ढाल कुठे आहे?” मी विचारले. पारदर्शक प्लास्टिकची ती ढाल मी त्याच्या दुकानात खुंटीला टांगलेली पाहिली होती.

“पिशयेत आसा. ती लावलंय तर फोटोत माका कोण वळाखतलो?”

“आणि एखादा खिळा राहिला असेल तर?”

त्याने ताटलीकडे बोट दाखवले. मग आवाज जरा उतरवून म्हणाला, “माका शिकवू नकात. माझ्या काकाचो डोळो ह्याच कामात गेलो. जुन्या लाकडात खिळ्याच्या डोक्यावर लाकूड चढता, वरसून काय एक दिसणा नाय. मशीन गरगर फिरता, पटाशी त्या खिळ्याक लागता, आनि मगे एक तर लाकूड फुटान तोंडार येता, नायतर पटाशी. काकाक कळलाच नाय काय झाला ता. म्हणान मी चुंबक फिरवल्याशिवाय लाकडाक हात लावणंय नाय.”

“चुंबकाला तांबे सापडते का?”

तो हसला. “तांब्याचो खिळो? उंबऱ्यात? लोकांका खावक नाय, आनि उंबऱ्याक तांबा?”

मी त्याला सांगितले की घर बांधताना दाराच्या चौकटीखाली नाणे किंवा सोन्याचा कण ठेवणारी माणसे त्यानेही पाहिली असतील. वास्तुविधीच्या जुन्या पोथ्यांत त्याहून पुष्कळ सांगितलेले आहे. उंबऱ्यात तांब्याचे खिळे ठोकून बाहेरचे अमंगल बाहेरच बांधून ठेवण्याचा एक विधी त्यांत आहे, आणि माझा प्रबंधच त्या विधींवर होता.

“पोथियेत लिवलेला सगळा लोक करतत?”

“सगळे नाही. सोयीचे तेवढे करतात.”

शाबाजीने पटाशीच्या धारेवर अंगठा फिरवला. “रंधो मारून वरचो थर काढलो आसतो तर एका क्षणात कळला आसता. पन सरांनी सांगल्यानी, वरचा पॉलिश तसाच ठेव, लोकांका उंबरो वळाखता येऊक व्हयो. इचारा त्यांका. त्यांनी ‘नाय’ म्हटल्यानी तर नाय.”

डॉ. आठल्ये मंचामागच्या खोलीत उपरण्याच्या घड्या नीट करत होते. प्राकृत भाषांचा त्यांच्याइतका बारकाईने अभ्यास केलेला माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा नव्हता, हे मी तेव्हाही मान्य करत होते आणि आजही करते. वास्तुविधींवर त्यांनी स्वतः व्याख्याने दिली होती. माझ्या प्रबंधाचे ते परीक्षक होते.

“सर, उंबऱ्यात काही घातलेले होते का?”

“काही म्हणजे?”

“धातू. तांबे वगैरे. शाबाजीकडे फक्त चुंबक आहे.”

“छे, छे.” उत्तर प्रश्नाच्या इतके जवळून आले की मध्ये विचाराला जागाच राहिली नव्हती. “उत्तराबाई, आपला उंबरा साधा. आपले संस्थापक सुधारक होते. कर्मकांडाचे त्यांना वावडे.”

“तरी पॉलिशचा थर काढून एकदा पाहू द्या त्याला. फार वेळ लागणार नाही.”

“कुलगुरू फाटकाशी पोहोचले आहेत.” त्यांनी उपरणे खांद्यावर टाकले. “आणि असे पाहा, पॉलिश काढले तर तो उंबरा राहील का? ते कोणतेही लाकूड होईल. लोकांनी तो ओळखला पाहिजे. त्यातच सगळा अर्थ आहे.”

“मी जाऊन शाबाजीला काय सांगू?”

“सांगा, आठल्यांनी ग्वाही दिली आहे.”

मी तसेच सांगितले. शाबाजीने खांदे उडवले. विद्वानाच्या ग्वाहीवर त्याचा माझ्याहून अधिक विश्वास होता.

मांडव भरला. स्वागतगीत झाले, पुष्पगुच्छ झाले. आठल्यांनी प्रास्ताविक केले आणि त्यात, ज्या उंबऱ्याने कधी कोणाला अडवले नाही, असे एक वाक्य होते. त्याला टाळ्या मिळाल्या. मला कुलगुरूंच्या उजव्या हाताला बसवले होते आणि आठल्ये त्यांच्या डाव्या हाताला. आमच्या तिन्ही खुर्च्या लेथच्या समोर, जवळजवळ यंत्राला लागून होत्या, कारण छायाचित्रकाराला कलश आणि मान्यवर एकाच चौकटीत हवे होते. शाबाजीने नवा सदरा घातला होता. ढाल पिशवीतच होती.

त्याने लोकांना नमस्कार केला, हिरवे बटण दाबले, आणि उंबऱ्याचा तो चौकोनी तुकडा फिरू लागला. आधी त्याच्या कडा दिसत होत्या, मग दिसेनाशा झाल्या आणि हवेत नुसता एक पिवळसर धूसर लंबगोल उरला. शाबाजीने पटाशी यंत्राच्या टेकणावर ठेवली. कोपरे खात ती हळूहळू आत जाऊ लागली. फणसाचा सोनेरी किस त्याच्या मनगटावर, सदऱ्यावर पडू लागला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कौतुकाने ‘अगो बाई’ म्हटले.

त्याच वेळी डॉ. आठल्ये उठले. कुलगुरूंच्या कानाशी वाकून ते म्हणाले, “किस उडतो आहे, आपल्याला त्रास होईल.” त्यांनी स्वयंसेवकाला खूण केली. कुलगुरूंची खुर्ची बाजूला, यंत्राच्या रेषेतून पार बाहेर गेली. मग त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली. ती त्यांनी कुलगुरूंच्याही मागे, मंचाच्या खांबाच्या आड ठेवली, आणि बसण्यापूर्वी डोके वाकवून एकदा अंदाज घेतला, की इथून लाकूड दिसते का. दिसत नव्हते. तेव्हा ते बसले.

माझी खुर्ची त्यांनी हलवली नाही. आणि शाबाजीला तर खुर्चीच नव्हती. त्याचा चेहरा त्या फिरत्या लाकडापासून वीतभर अंतरावर होता, आणि छायाचित्रकाराच्या सोयीसाठी तो अधूनमधून हसत होता.

किस कुठे उडत होता हे मी पाहिले. तो सगळा शाबाजीच्या बाजूला पडत होता.

मी उठले, मंचाच्या कडेच्या बोर्डापर्यंत गेले आणि यंत्राची पिन उपटली.

लाकूड थांबायला थोडा वेळ लागला. मांडव त्याआधीच थांबला होता.

“मशीन कित्याक बंद केलात?” शाबाजीचा चेहरा लालबुंद झाला. एवढ्या लोकांत, कुलगुरूंसमोर, त्याचा हात कोणी अडवावा ही गोष्ट त्याला डोळा जाण्यापेक्षा मोठी होती. “गो बाय, तुका काय खूळ लागला काय?”

“आठल्यांनी खुर्ची हलवली,” मी म्हणाले.

“मगे?”

“किस तुमच्याकडे उडतोय. त्यांनी खुर्ची खांबामागे नेली.”

शाबाजीने खांबाकडे पाहिले. आठल्ये उठून पुढे येत होते, दोन्ही हात पसरून, चेहऱ्यावर यजमानाचे हसू घेऊन. “काही नाही, काही नाही, तांत्रिक अडचण. शाबाजी, चालू कर बाबा.”

“सर,” मी म्हणाले, “आपण मेस्त्रींच्या शेजारी उभे राहा. टेकणावर हात ठेवा. छायाचित्र छान येईल.”

“मी कशाला? मला त्यातले काय कळते?”

“कळायला काही नको. नुसते उभे राहायचे.”

“उत्तराबाई, हा काय पोरखेळ आहे?”

“येवा सर,” शाबाजी म्हणाला. त्याच्या आवाजातला राग कुठल्या कुठे गेला होता. तो अगदी आदबीने बोलत होता. “माझ्या बाजूक उभे रवा. मी आसय ना.”

डॉ. आठल्ये जागचे हलले नाहीत. ते इतके स्पष्टपणे हलले नाहीत की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते दिसले असावे.

शाबाजीने मग कोणाला काही विचारले नाही. त्याने तुकडा यंत्रातून सोडवला, जमिनीवर उभा धरला, रुंद पटाशी त्याच्या डोक्यावर लावली आणि लाकडी हातोड्याने घाव घातला. फणस रेषेत फाटतो. दुसऱ्या घावाला उंबऱ्याची बाहेरची बाजू आणि आतली बाजू एकमेकांपासून सुटल्या, पुस्तक उघडावे तशा.

बाहेरच्या बाजूत एका ओळीत चार खिळे होते. करंगळीएवढे जाड, तांब्याचे. सर्वांत पुढचा खिळा पटाशी जिथे थांबली होती तिथून जेमतेम अर्ध्या बोटावर होता.

पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. आठल्ये मात्र त्यापूर्वीच ध्वनिक्षेपकाशी पोहोचले होते. त्यांची तत्परता मी नाकारणार नाही. “बंधुभगिनींनो, एक दुर्मीळ क्षण! शंभर वर्षांपूर्वीच्या वास्तुविधीचा प्रत्यक्ष पुरावा आपल्यासमोर आला आहे. प्राचीन विद्येचे हे संचित…” टाळ्या वाजल्या. त्यांनी चहापानासाठी मध्यंतर जाहीर केले, आणि शाबाजीकडे वळून म्हणाले, “धातू निघाला. आता त्या उरलेल्या अर्ध्यातून लहानसा कलश कर. तेवढा होईल ना?”

शाबाजी गुडघ्यावर बसून खिळे पाहत होता. त्याने नखाने एका खिळ्याच्या डोक्यावरचा भराव खरवडला आणि मला जवळ बोलावले.

“शंभर वर्सांचो तांबो असो दिसणा नाय. हिरवो पडतलो. आनि ही वरची लांबी बघा. रंगारी भोका बुजवक वापरतत ती. ही डब्यात येऊक लागली ती आमच्याच वक्ताक.” त्याने नख सदऱ्याला पुसले. “ह्ये खिळे कोणी तरी अलीकडेच मारल्यानी, मॅडम.”

मी मंचामागच्या खोलीत गेले. आठल्ये पाणी पीत होते.

“हे खिळे कधीचे आहेत?”

“मी सांगितले ना, प्राचीन…”

“रंगाऱ्याच्या लांबीने बुजवलेले?”

त्यांनी पेला ठेवला आणि दार लोटून घेतले. मग ते खुर्चीत बसले, आणि बराच वेळ अवघडून धरलेले ओझे खाली ठेवावे तसे बोलू लागले.

“तुमचा अर्ज आला तेव्हा कार्यकारिणीत माझ्याखेरीज एकही मत तुमच्या बाजूचे नव्हते. एकही. तेव्हाचे संचालक म्हणाले, ग्रंथांना हात लागणार, पोथ्या सोवळ्यातल्या आहेत, माणसे देणग्या काढून घेतील. मग त्यांनीच तोड काढली. उंबऱ्याला बंधन घालू. म्हणजे कोणाचेही पाऊल पडले तरी दोष आत जाणार नाही. त्यांनी स्वतः खिळे ठोकले. मी होतो तिथे. दुसऱ्या दिवशी तुमच्या प्रवेशावर सर्वांनी सह्या केल्या.”

बाहेर कपबशा वाजत होत्या.

“तुम्ही रागावणार हे मला ठाऊक आहे. पण विचार करा. त्या खिळ्यांमुळेच तुम्ही आत आलात. आज डॉक्टर आहात. मी तर म्हणेन, ते तुमच्या भल्याचेच…”

“आणि शाबाजी?”

“शाबाजीचे काय?”

“त्याचा चेहरा तिथे होता.”

“तांबे मऊ असते हो. फार तर हत्याराला खाच पडली असती.”

“मग खुर्ची?”

त्यांनी उपरण्याची घडी पुन्हा नीट केली. “सावधगिरी,” ते म्हणाले.

“उरलेल्या अर्ध्यात काही आहे का?”

“आता काही नाही. सगळे निघाले.” ते उठले. “चला. कुलगुरू खोळंबले आहेत. तुम्ही दोन शब्द बोला, कलश घ्या, आणि हा विषय संपवू. संस्था मोठी आहे, उत्तराबाई. आपण येऊ-जाऊ.”

आम्ही मंचावर परतलो तेव्हा लोक आपापल्या जागी बसत होते. शाबाजीने आतला अर्धा भाग यंत्रावर चढवला होता आणि पिन पुन्हा बोर्डात बसवली होती. या वेळी त्याने ढाल मात्र कपाळावर चढवलेली होती, खाली ओढायची बाकी होती. त्या भागाच्या वरच्या अंगाला त्याने रंधा मारला होता आणि तिथे कुठेही लांबी किंवा भोक दिसत नव्हते. खालचे अंग जुन्या चुन्याने माखलेले होते. त्याने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी मान हलवून त्याला थांबायला सांगितले, आणि ध्वनिक्षेपकापाशी गेले.

माझा आवाज चांगला लागला होता. परिषदेत निबंध वाचताना लागतो तसा.

“एका वस्तूची नोंद करते. फणसाच्या उंबऱ्यात ठोकलेले तांब्याचे चार खिळे. काळ, ज्या उन्हाळ्यात मला या मंडळात प्रवेश मिळाला तो उन्हाळा. प्रयोजन, माझ्या पावलाचा विटाळ पोथ्यांपर्यंत पोहोचू नये. कर्ते, तेव्हाचे संचालक. साक्षीदार, आजचे कार्यवाह. आधार, कार्यवाहांचे तोंडी निवेदन, आत्ताचे, या पडद्यामागचे. हा विधी लुप्त झाला आहे असे मी माझ्या प्रबंधात लिहिले होते. ते विधान मी मागे घेते.”

कुलगुरू आपल्या बुटांकडे पाहत होते.

“माझ्या नोंदीत काही चूक असेल,” मी म्हणाले, “तर माझ्या प्रबंधाच्या परीक्षकांनी ती दुरुस्त करावी.”

डॉ. आठल्ये उठले. सगळ्यांना वाटले की ते नाकारतील, आणि मला वाटते की नाकारण्यासाठीच ते उठले होते. पण एक चुकीचा तपशील त्यांच्यासमोर, इतक्या लोकांत, तसाच लोंबकळत होता.

“पाच,” ते म्हणाले. “चार नव्हेत. चारांनी बंधन पुरे होत नाही. चार बाहेरच्या अंगाला, आणि पाचवा आतल्या अंगाला. तो खालून ठोकायचा असतो.”

शाबाजीचे बोट हिरव्या बटणावर होते. त्याने ते उचलले, कपाळावरची ढाल काढून खाली ठेवली आणि यंत्रावरच्या लाकडाला हात न लावता दोन पावले मागे सरकला.

“खय, सर?” त्याने विचारले. “नक्की खय तो दाखवा.”

डॉ. आठल्ये मंचाच्या मध्यापर्यंत आले, चष्मा नाकावर सारला, वाकले, आणि चुन्याने माखलेल्या लाकडावर एका ठिकाणी तर्जनी ठेवली.

शाबाजीने तिथे पटाशीचे टोक घातले. जागा अगदी अचूक होती.